पाणी आटलं की भांडण पेटतंच का? लातूर, जायकवाडी, अबेई, सीरिया

मांजराकाठ

नमस्कार मंडळी.

हवामान बदलतंय, पाणी कमी होणार, म्हणून पुढची युद्धं पाण्यावरूनच होणार, हे गेली कित्येक वर्षं इतक्यांदा कानावर पडलंय की आता कुणी त्याचा पुरावा मागत नाही. मला तो मागायचाय.

मी लातूरची. मार्च २०१६ मध्ये आमच्याकडे पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती कलम १४४ लागलं होतं. म्हणजे पाच माणसं एकत्र जमायची नाहीत, कारण पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर. प्रशासनाला दंगलीची भीती होती हे उघड आहे. पण शहर पेटलं नाही.

आता सुदानमधलं दार्फूर. तिथला संघर्ष २००३ साली भडकला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी लेख लिहून त्याच्या मुळाशी पर्यावरणाचं संकट आहे असं सांगितलं. सीरियाबद्दलही तेच म्हणतात, आधी दुष्काळ पडला आणि मग २०११ चा उठाव.

म्हणजे दुष्काळ इकडेही आणि तिकडेही. मग एकीकडे रांग लागते आणि दुसरीकडे बंदूक निघते, हा फरक कुठून येतो? ज्यांनी जवळून काही पाहिलंय त्यांनी लिहा. कुठल्या पक्षाने काय केलं यात धागा घालवू नये ही विनंती.

शब्दवेल्हाळ

महत्त्वाचा विषय. वाचतेय.

द्राक्षबाग_दिंडोरी

ताई, लातूर पेटलं नाही हे खरं, पण पाण्यावरून भांडण झालंच नाही असं कुणी समजू नये. त्याच दुष्काळात, ऑक्टोबर २०१५ मध्ये, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला १२.८४ टीएमसी पाणी सोडायचा आदेश आला. तेव्हा आमच्याकडे काय वातावरण होतं ते मी पाहिलंय.

धरणाचं दार उघडलं आणि पाणी निघालं, इतकं ते सोपं नसतं. आधी नदीकाठच्या गावांची वीज तोडतात, म्हणजे कुणी मोटर लावू नये. मग बंधाऱ्यांच्या फळ्या काढायला माणसं येतात आणि त्यांच्यासोबत पोलीस असतात. धरणावर बंदोबस्त, काठाला जमावबंदी. बागेची छाटणी झालेली, काडीवर घड निघायची वेळ, आणि समोरून पाणी वाहत जातंय, पण हात लावायचा नाही. ज्याच्या डोक्यावर बागेचं कर्ज आहे त्याला तेव्हा काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. मोर्चे निघाले, रस्ते अडवले. माणूस मेला नाही एवढंच.

पैठणकर

दिंडोरीकर दादा, तुमचं दुःख समजतं. पण पाणी "सोडलं" म्हणताना ते कुणाचं होतं हेही सांगा ना.

१९६५ ला शास्त्रीजींनी जायकवाडीचा पाया घातला, १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. धरण आधी बांधलं आणि मग वरच्या अंगाला धरणांची रांग वाढत गेली. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, मोठा खरा, पण वरून सोडल्याशिवाय भरणार कसा? आमच्याकडे पाऊस पडला तरी नाथसागर भरत नाही, नाशिकला पडला तर भरतो. छत्रपती संभाजीनगर, जालना ही शहरं त्याच पाण्यावर. तुमच्या काडीला घड निघतो तेव्हा आमच्याकडे हंडा निघतो.

आणि हे कुणी उपकार म्हणून देत नाही. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, त्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे. मेंढेगिरी समितीने हिशेब मांडून दिला. १५ ऑक्टोबरला खरिपाचा वापर धरून जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचं. प्राधिकरणाने २०१४ ला तसा आदेश दिला, उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो मान्य केला. २०१८ ला सोडलं, २०२३ ला सोडलं, दर वेळी ओढाताण झाली, पण सोडलं.

मांजराकाठताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. आम्ही एकमेकांना शिव्या देतो आणि १५ ऑक्टोबरच्या आकड्याची वाट बघतो.

द्राक्षबाग_दिंडोरी

आकडा मान्य. पण खाली आलेलं पाणी नक्की हंड्यातच जातं का, हा प्रश्न आम्ही विचारायचाच नाही का? मराठवाड्यात ऊस किती आहे ते बघा. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्याच जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत?

मांजराकाठ

दिंडोरीकर दादा, विचाराच. मी लातूरची असून मीही हेच विचारते. कमी पावसाच्या पट्ट्यात उसाखाली इतकं रान आलं ते आकाशातून पडलं नाही. कारखान्यांना परवाने मिळाले, उसाला बांधलेला भाव आणि हमखास गिऱ्हाईक मिळालं. ज्वारी-तुरीला यातलं काय मिळालं? शेतकरी वेडा नाही. ज्याचे पैसे होतात तेच तो लावणार.

सह्यकडा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत टँकर उशिरा आला की ए विंग आणि बी विंगच्या सीमेवर तणाव असतो. शांतिसेनेची मागणी केली आहे, अजून उत्तर नाही. :)

निवृत्त_मेजर

सह्यकडा, शांतिसेनेचा माणूस हजर आहे, पण तुमच्या सोसायटीत यायची माझी छाती नाही. :)

आता गांभीर्याने. काही वर्षांपूर्वी अबेईला होतो. सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यामधला हा पट्टा कुणाचा हे अजून ठरलेलं नाही. २०११ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आहे आणि आता भारताची तुकडीही तिच्यात आहे.

तिथे न्गोक डिंका लोक राहतात, शेती आणि गुरं असलेले. दर वर्षी पाऊस संपला की उत्तरेकडून मिस्सेरिया नावाचे अरब गुराखी हजारो गुरं घेऊन नदीकडे उतरतात आणि पुढचा पाऊस लागला की परत जातात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आता उत्तरेत चारा लवकर संपतो. म्हणून गुरं लवकर निघतात, खाली शेतं अजून उभी असतात, आणि गुरं उभ्या पिकात शिरली की पहिला वाद तिथे. आमच्याकडेही बांधावर हे होतंच, पण तिथे प्रत्येक गुराख्याच्या खांद्याला बंदूक आहे.

बाहेरच्यांना जे दिसत नाही ते सांगतो. गुरं निघायच्या आधी दोन्ही बाजूंचे म्हातारे बसतात. कुठल्या वाटेने यायचं, कुठल्या पाणवठ्यावर थांबायचं, पीक तुडवलं तर भरपाई किती, गुरं चोरली तर परत कशी करायची, माणूस मारला गेला तर त्याच्या कुटुंबाला काय द्यायचं, हे सगळं तोंडी पण तपशीलवार ठरतं. शांतिसेना जागा आणि संरक्षण देते, बोलणी त्यांचीच. आमीएत नावाचा बाजार आहे, तिथे उत्तरेची साखर-कपडा आणि दक्षिणेची गुरं यांचा व्यवहार होतो. बाजार चालू असेल तर आमची रात्रीची गस्त निवांत. बाजार बंद पडला की आम्ही जवानांची रजा थांबवायचो. दोन्हीकडच्या लोकांचा पैसा त्या बाजारात अडकलेला असतो, त्यामुळे भांडण थांबवायची घाई त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त असायची.

आणि एक गोष्ट या चर्चेसाठी मुद्दाम सांगतो. २०२२ नंतर तिथे सगळ्यात रक्तरंजित झालेलं भांडण उत्तर-दक्षिणेचं नव्हतं. ते न्गोक डिंका आणि ट्विच डिंका यांचं होतं, म्हणजे भाऊबंदांचंच. कारण पाणी नव्हतं, एका बाजारपेठेची जमीन होती. पाणी दिसतं म्हणून सगळं पाण्यावर ढकलू नये.

शब्दवेल्हाळ

मेजरसाहेब, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाकाच.

वाघर

मेजर साहेबांचं वाचून आमच्या वाड्याची, म्हणजे मेंढ्यांच्या तळाची, आठवण झाली, म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. मी धनगर. वडील आणि चुलते मेंढ्या घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे, पावसाच्या तोंडाला परत माळावर. आता चुलतभाऊ जातो.

आमच्यातही सगळं असंच तोंडी होतं. भात निघालं की शेतकरी निरोप धाडायचा, वाडा माझ्या रानात बसवा. रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, मेंढ्या रात्रभर आत, सकाळी लेंडीखत तयार. त्याच्या बदल्यात रात्रीच्या हिशेबाने भात किंवा पैसे. कुठल्या गावात कुणाच्या रानात किती रात्री, हे ठरलेलं असायचं. शेतकऱ्याची आई आमच्या आईला लुगडं द्यायची. हे मी लहानपणी पाहिलंय.

आता काय झालं? विहिरी-बोअर झाल्या, शेततळी झाली, रान वर्षभर हिरवं राहू लागलं. हिरव्या रानात मेंढरू चालत नाही. रासायनिक खताची गोणी दुकानात मिळते, मग लेंडी कुणाला हवी? जंगलात रोपवन लावलं की चराईबंदी. वाट तीच, पण तिच्यावर तारेचं कुंपण. मेंढरू कुंपणात घुसलं की शिवीगाळ, मारहाण, जनावर उचलून नेणं, पोलीस केस. त्यात पाऊस कधी पडेल सांगता येत नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला थंड पाऊस झाला, तेव्हा पुणे-नगर भागात हजारो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. ज्या रानात थांबायचं नव्हतं त्या रानात तेव्हा लोक थांबले, कारण पुढे चालायला जनावर जिवंत नव्हतं.

बंदूक आमच्याकडे नाही म्हणून दार्फूर झालं नाही. पण निरोप धाडणारा शेतकरी संपला आणि त्याच्या जागी कुंपण आलं, हे तिकडच्यासारखंच झालं असेल असं मला वाचून वाटतं.

अभ्यासू_नदी

वाघर, दार्फूरबद्दल तुम्ही जवळजवळ मुळावरच बोट ठेवलंत.

तिथे उंटवाले-गुरंवाले आणि शेतकरी यांच्यात वाटा, पाणवठे, कापणीनंतरच्या रानावरची चराई यांचे ठरीव नियम होते आणि ते सांभाळणारे जमातींचे प्रमुख होते. १९७१ मध्ये निमेरी सरकारने ही पारंपरिक व्यवस्था मोडीत काढली. तिच्या जागी कामाचं असं काही उभं केलं नाही. १९८३-८४ ला भयंकर दुष्काळ आणि भूकबळी. चाड आणि लिबियाच्या भांडणातून शस्त्रं येतच होती. शेवटी २००३ मध्ये बंड झालं, तेव्हा सरकारने एका बाजूच्या टोळ्यांना, म्हणजे जंजावीदना, हत्यारं देऊन दुसऱ्या बाजूवर सोडलं. त्याच जंजावीदमधून उभं राहिलेलं निमलष्करी दल एप्रिल २०२३ पासून सुदानच्या सैन्याशीच लढतंय आणि दार्फूर पुन्हा होरपळतंय. यातला पाऊस किती आणि खार्टूमचं सरकार किती? "हवामानाने केलं" म्हटलं की ज्यांनी बंदुका वाटल्या ते सुटतात. माझा त्या मांडणीवर राग आहे तो यासाठी.

सीरियाचंही तसंच. २०१५ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासाने २००७ ते २०१० चा दुष्काळ, त्यातून झालेलं स्थलांतर आणि उठाव यांची साखळी मांडली. २०१७ मध्ये यान सेल्बी आणि सहकाऱ्यांनी ती कडी-कडीने तपासली आणि पुरावा फार कमकुवत आहे असं दाखवलं. दुष्काळ खोटा नव्हता. पण भूजल आधीच उपसून संपलं होतं, कारण सरकारला गहू आणि कापूस हवा होता. मे २००८ मध्ये डिझेलचं अनुदान काढलं, पुढच्या वर्षी खताचं. मोटरवर शेती करणाऱ्याला भर दुष्काळात डिझेल महाग. मांजराकाठताईंनी उसाबद्दल लिहिलं तेच, फक्त पीक वेगळं. आणि मार्च २०११ मध्ये दराआ शहरात ठिणगी पडली ती भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्या पोरांना पकडून छळल्यामुळे.

कृष्णाकाठचा

सगळे कोरड्यावर बोलताय, जरा ओल्यावर पण बोलू. मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ ला घरात छातीपर्यंत पाणी. गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच, "अलमट्टीने अडवलं". नंतर वडनेरे समितीने सांगितलं की अलमट्टीमुळे पूर आला नाही. गावात किती जणांनी विश्वास ठेवला? आणि आता कर्नाटकला धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायची आहे.

बेंगळुरूला सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीवरून बसगाड्या जाळल्या. तिथे तर लवाद, न्यायालय सगळं होतं. पैठणकर, म्हणून नुसता नियम पुरत नाही. आकडा माझ्या डोळ्यासमोर यायला हवा. कुठल्या धरणातून किती क्युसेक सुटतंय हे दोन्ही राज्यांच्या लोकांना एकाच वेळी एकाच पडद्यावर दिसलं, तर निम्म्या अफवा जागीच मरतील.

तटबंदी

नियम, आकडे, म्हातारे बसले वगैरे ठीक. पण शत्रूशी काय करायचं? पहलगामनंतर २३ एप्रिल २०२५ ला सिंधू करार स्थगित केला ते शंभर टक्के बरोबर. रक्त आणि पाणी एकत्र वाहणार नाही.

अभ्यासू_नदी

तटबंदी, पहलगामचा राग माझ्याही मनात आहे, त्यावर वाद नाही. पण १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सही केलेला तो करार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांत टिकला. का टिकला? त्याने पाणी वाटलं नाही, नद्याच वाटल्या. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः त्यांच्याकडे. रोजच्या देवाणघेवाणीची गरजच कमी ठेवली.

आणि तिथेच आज त्याचं दुखणं आहे. हिमनद्या वितळतायत, पाण्याची वेळ बदलतेय, दोन्हीकडची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली. यासाठी करारात जागा नाही. नव्याने बोलायला हवं असं मला वाटतं. पण स्थगितीत नदीचे आकडे देणंही थांबतं, आणि कृष्णाकाठचा यांनी वर काय लिहिलंय ते वाचा.

तटबंदी

आकडे काय, आधी बंदुका थांबवायला सांगा. बाकी मत पटलं नाही, पण नीट बोललात.

संपादक_मंडळ

सिंधू करारावर वेगळा धागा आहे. इथे मूळ प्रश्नावर राहू या.

निवृत्त_मेजर

एकच भर घालतो. डिसेंबर २०२१ मध्ये हवामान आणि सुरक्षा यांना जोडणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला होता, आयर्लंड आणि नायजर यांनी मांडलेला. १२ मतं बाजूने. रशियाने नकाराधिकार वापरला, चीन तटस्थ, आणि भारताने विरोधात मत दिलं. भारताचं म्हणणं होतं की हवामानाच्या वाटाघाटी जिथे सगळे देश बसतात तिथेच व्हाव्यात, पाच जणांच्या हातात नकाराधिकार असलेल्या खोलीत नकोत. ज्यांनी धूर केला त्यांनी पैसे द्यायचं टाळायचं आणि गरिबाच्या दुष्काळाकडे "सुरक्षेचा धोका" म्हणून बघायचं, ही शंका मला रास्त वाटते. मात्र अबेईसारख्या ठिकाणी पाऊस कधी थांबला, चारा कुठे संपला ही माहिती गस्तीच्या नकाशाइतकीच लागते, हेही तितकंच खरं.

सुईदोरा

मांजराकाठताई, मीही लातूरचीच. तुमच्या "शहर पेटलं नाही" वर मला बोलायचंय.

रात्री अडीचला नळ येणार म्हणून बायका जागायच्या. टँकरच्या जागी आधीच घागरी लावून ठेवायच्या, घागरीवर रंगाने नाव. घागर मागे सरकवली यावरून झिंज्या उपटेपर्यंत भांडणं झालेली मी पाहिलीत. त्यांची नोंद कुठल्या ठाण्यात झाली? आमच्या गल्लीत एका भाडेकरू कुटुंबाला घर सोडायला लावलं, बोअर घरमालकाची म्हणून. मुली शाळा बुडवून रांगेत. शिकवणीसाठी आलेली बाहेरगावची पोरं गाव सोडून गेली, खानावळवाल्या बाईचं दुकान बसलं. आणि खेड्यात ज्या घरातला कर्ता माणूस त्या वर्षी फास लावून गेला, त्या घराला सांगा की शांतता होती. आमच्याकडे माणूस दुसऱ्यावर हात उचलत नाही, स्वतःला संपवतो. हिंसा मोजताना ही कुठल्या रकान्यात घालायची?

मांजराकाठ

सुईदोरा, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. हा रकाना प्रश्नात हवाच. दंगल झाली नाही एवढ्यावर "शांतता" म्हणणं पुरेसं नाही.

सगळ्यांचं वाचून माझं मत मांडते. दुष्काळ थेट बंदूक हातात देत नाही. आधी कधीतरी कुणीतरी ठरावाची बैठक मोडलेली असते. दार्फूरला ती सरकारने मोडली, वाघर यांच्या माळावर तारेच्या कुंपणाने. ठराव शाबूत असेल, त्यातला आकडा सगळ्यांना दिसत असेल, तर पाणी निम्म्यावर आलं तरी माणसं कोर्टात जातात. म्हणून दुष्काळ निवारणाचा पैसा नुसता टँकरवर न जाता या बैठका टिकवण्यावर जायला हवा असं मला ठामपणे वाटतं. हिवरे बाजारला दर वर्षी पावसाचं पाणी मोजून, ग्रामसभेत ताळेबंद मांडून मग पिकं ठरतात. उसाला बंदी, शेतीसाठी बोअरला बंदी. पोपटराव पवारांचं गाव नगरच्या कोरड्या पट्ट्यातच आहे.

पैठणकर

हिवरे बाजार एक गाव आहे, ताई. गोदावरी खोऱ्यात ग्रामसभा कशी भरवणार?

द्राक्षबाग_दिंडोरी

एका गावापेक्षा मोठं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे, वाघाड धरण. तिथे शेपटाच्या शेतकऱ्यांना कधीच पाणी पोचत नव्हतं, सगळं वरच्या अंगाला संपायचं. आधी शेपटाकडच्यांनीच पाणीवापर संस्था काढल्या. हळूहळू २४ संस्था झाल्या आणि त्यांच्या संघाने २००३ पासून अख्ख्या प्रकल्पाचं पाणी हातात घेतलं. पाणी मोजून मिळतं, पैसे मोजून भरायचे. ज्याला मोजून पाणी मिळतं तो ठिबक स्वतःहून लावतो. कालव्यावरची रात्रीची मारामारी आमच्या वडिलांच्या वेळची गोष्ट झाली.

पैठणकर, म्हणून मी नाथसागरच्या ६५ टक्क्यांवर आक्षेप घेत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. धरणाखाली, कालव्यावर, उपशावर, तुमच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच मोजा. तुमचा ऊस मोजा, माझी बाग मोजा.

पैठणकर

बाग मोजा, ऊस मोजा, मला चालेल. पण विहिरी आणि बोअर कोण मोजणार? १५ ऑक्टोबरच्या हिशेबात तुमच्याकडचं भूजल येत नाही, आमच्याकडचंही येत नाही. तुमच्या शेततळ्यात बोअरचं पाणी भरून ठेवलेलं कुठल्या आकड्यात बसतं?

द्राक्षबाग_दिंडोरी

बसत नाही. आणि ते मोजायला आमच्याकडे अजून कुणी तयार होणार नाही, हेही सांगतो. पुढच्या संस्थेच्या सभेत विषय काढतो, किती जण उठून जातात ते इथे लिहीन.